टेक्ट्रॉनिक्स ४६५चे सुटे भाग: पुण्यात राहून केलेला शोध

जुन्या इलेक्ट्रॉनिक मोजमाप-उपकरणात बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यावर काम संपत आले असे वाटते; पण माझ्या अनुभवात जास्त वेळ त्यानंतरच लागला, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या भागाच्या जागी आज काय बसते हे ठरवणे आणि ते प्रत्यक्ष हातात पडणे या दोन्ही गोष्टी बाकी होत्या. जून २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात मी टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ४६५ या ऑसिलोस्कोपसाठी, म्हणजे बदलते व्होल्टेज पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणासाठी, भाग शोधले. सुरुवातीला कुठून आरंभ करावा हे सांगणारे मराठीत काही सापडले नाही, म्हणून हा क्रम सविस्तर लिहून ठेवत आहे. ज्यांच्याकडे ह्यूलेट-पॅकार्ड, फिलिप्स किंवा अन्य जुनी उपकरणे आहेत त्यांनाही यातला बराचसा भाग तसाच लागू पडेल.

४६५ हे मॉडेल १९७२ साली बाजारात आले. दोन चॅनेल, शंभर मेगाहर्ट्झ, वजन साधारण दहा किलो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांसाठी ते बनवले होते. त्यात मायक्रोप्रोसेसर नाही, कुलूपबंद सॉफ्टवेअर नाही. संपूर्ण सर्किट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेले आहे आणि प्रत्येक ठिकाणी किती व्होल्टेज असायला हवे तेही दिलेले आहे. अशा मोकळेपणाने रचलेले यंत्र नुसते दुर्लक्षाने भंगारात जावे याचे मला मनापासून वाईट वाटते. भोसरी एमआयडीसीतला एक वर्कशॉप बंद होत होता, तिथून मी ते ६,५०० रुपयांना घेतले. बाहेरून स्वच्छ होते, चालू केल्यावर ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू येई, मात्र पडद्यावर काहीही उमटत नव्हते.

पहिला खर्च भागांवर न करता मॅन्युअलच्या छपाईवर केला. टेकविकी या संकेतस्थळावर टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या यंत्रांची मॅन्युअल मोफत मिळतात. ह्यूलेट-पॅकार्डचा हा व्यवसाय पुढे एजिलंटकडे आणि तिथून कीसाइटकडे गेला, तिथेही अनेक जुनी मॅन्युअल उपलब्ध आहेत. सर्किटच्या घडीच्या मोठ्या पानांची ए-थ्री आकारात छपाई अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात करून घेतली. भागांच्या यादीसह ४५० रुपये लागले. मोबाईलच्या पडद्यावर सर्किट बघत काम करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, कारण एकाच रेषेचा माग तीन पानांवर घ्यावा लागतो आणि पेन्सिलीने खुणा करण्यावाचून गत्यंतर नसते. मॅन्युअल उतरवताना आपल्या यंत्राचा अनुक्रमांक हाताशी ठेवावा. उत्पादन चालू असतानाच कंपनी सर्किटमध्ये बदल करत असे आणि भागांच्या यादीत कोणता भाग कोणत्या अनुक्रमांकापासून कोणत्या अनुक्रमांकापर्यंत वापरला याचा वेगळा रकाना असतो. तो रकाना न पाहता घेतलेला भाग आपल्या बोर्डाचा नसण्याची शक्यता असते.

या यादीच्या वाचनात मी जवळजवळ पूर्ण जुलै महिना घातला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच टप्पा. टेक्ट्रॉनिक्स काय, ह्यूलेट-पॅकार्ड काय, या कंपन्या बाहेरून घेतलेल्या साध्या ट्रान्झिस्टरलाही स्वतःचा क्रमांक देत. पुरवठादार बदलला तरी आपली कागदपत्रे बदलावी लागू नयेत, आणि काही भाग स्वतः तपासून निवडून घेता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे यंत्र उघडल्यावर भागावर जो नऊ अंकी क्रमांक दिसतो तो बाजारात कोणालाच ठाऊक नसतो आणि भाग दुर्मिळ असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात पहिले तीन अंक भागाचा प्रकार सांगतात: १५१ने सुरू होणारा ट्रान्झिस्टर, १५२चा डायोड, १५६चा बाहेरून घेतलेला आयसी (इंटिग्रेटेड सर्किट), २९०चा इलेक्ट्रोलायटिक किंवा टँटलम कपॅसिटर, ३११चा पोटेन्शिओमीटर. १५१-०१९०-०० म्हणजे २एन३९०४, १५१-०१८८-०० म्हणजे २एन३९०६, १५२-०१४१-०२ म्हणजे १एन४१५२, ज्याच्या जागी सहज मिळणारा १एन४१४८ चालतो, आणि १५६-००६७-०० म्हणजे सर्वांच्या परिचयाचा ७४१ हा ॲम्प्लिफायर-आयसी. ह्यूलेट-पॅकार्डच्या यंत्रात १८५४-०२१५ दिसला तर तोही २एन३९०४च आहे, आणि १८२०-००५४ म्हणजे ७४०० हा साधा डिजिटल आयसी. ही ओळख पटत गेली तसतशी माझी धास्ती कमी होत गेली.

यादीतला शेवटचा रकाना मूळ उत्पादकाचा असतो. तिथे पाच अंकी सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याची फोड यादीच्या आरंभी दिलेली असते: ०४७१३ म्हणजे मोटोरोला, ०१२९५ म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ०७२६३ म्हणजे फेअरचाइल्ड, ५६२८९ म्हणजे स्प्राग. ८०००९ म्हणजे खुद्द टेक्ट्रॉनिक्स. तिथे ८०००९ दिसले की भाग मिळणारच नाही असे मानण्याचे कारण नाही, कारण काही अगदी सामान्य भागांपुढेही हाच अंक छापलेला आहे. त्यांचा बाजारातला क्रमांक टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या तुलनात्मक याद्यांमध्ये शोधावा लागतो. मात्र पहिले अंक १५५ असतील तर तो आयसी कंपनीने स्वतःच्या कारखान्यात बनवलेला असतो आणि त्याला बाजारात पर्याय नसतो.

या वाचनातून मी वहीत तीन रकाने केले. पहिल्यात पुण्यात मिळतील असे भाग, दुसऱ्यात मापे जुळवून पर्यायी बसवता येतील असे भाग, आणि तिसऱ्यात फक्त तशाच दुसऱ्या यंत्रातून किंवा जुन्या साठ्यातून मिळतील असे भाग. तिसरा रकाना किती लहान असतो हे कळल्यावर धीर येतो. सबंध यंत्रातल्या शेकडो भागांपैकी त्यात मोजकेच भाग येतात: कॅथोड-रे ट्यूब (पडद्याची काचेची नळी), तिला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग, १५५चे आयसी, कॅम-स्विचचे (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्विचचे) संपर्क आणि काही यांत्रिक वस्तू.

पहिला बिघाड वीजपुरवठ्याचा होता. बंद यंत्रात तपासबिंदूवर मोजले तेव्हा +१५ व्होल्टच्या रेषेचा, म्हणजे ते व्होल्टेज सगळ्या बोर्डांना पुरवणाऱ्या वाहिनीचा, जमिनीशी (सर्किटच्या सामाईक शून्य-व्होल्ट बिंदूशी) रोध जेमतेम एक-सव्वा ओहम भरला. या काळातल्या उपकरणांमध्ये टँटलम कपॅसिटर शॉर्ट होणे हा नेहमीचा आजार आहे, आणि एका रेषेवर असे अनेक कपॅसिटर वेगवेगळ्या बोर्डांवर विखुरलेले असतात. ते एकेक सुटे करून पाहिले तर जुन्या बोर्डाचे तांबे उखडते. त्याऐवजी यंत्र पूर्ण बंद ठेवून, बाहेरच्या प्रयोगशाळा-पुरवठ्यातून अर्ध्या व्होल्टच्या आत आणि एक अँपिअरच्या मर्यादेत त्या रेषेत प्रवाह सोडावा आणि प्रत्येक कपॅसिटरच्या पायांवर मिलिव्होल्ट मोजत जावे. जिथे आकडा सर्वांत कमी तिथेच बिघाड. एका संध्याकाळी दोषी कपॅसिटर सापडला. हे करण्यापूर्वी प्लग काढून, ट्यूबच्या उच्च व्होल्टेजच्या बाजूला हात न लावता, कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबणे आवश्यक आहे. ज्यांना उच्च व्होल्टेजच्या कामाची सवय नाही त्यांनी माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय झाकण उघडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या मंदिरापासून तपकीर गल्लीपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि पुण्यात या कामासाठी दुसरी इतकी सोयीची जागा नाही. मी पहिल्याच दुकानात यंत्राचे नाव सांगितले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला.

“सर, हा कंपनीचा नंबर आहे. बाजारातला नंबर सांगा, असेल तर लगेच देतो.”

“त्याच्याच पुढे पेन्सिलीने लिहिलाय, काका.”

“मग झालं. मशीन कुठलं का असेना, आम्हाला त्याचं काय?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. यंत्राचे नाव काढले की दुकानदार मान हलवतात. क्रमांक, व्होल्टेज, क्षमता आणि पायांमधले अंतर सांगितले की खणातून पुडी निघते. ट्रान्झिस्टर तीन ते पाच रुपयांना, डायोड त्याहून स्वस्त, ३५ व्होल्टचे टँटलम वीस रुपयांच्या आसपास मिळाले. मी मूळ भागापेक्षा वरच्या व्होल्टेजचे टँटलम घेतले, कारण कमी रोधाच्या पुरवठा-रेषेवर चालू करतानाचा प्रवाहाचा झटका या कपॅसिटरना सोसत नाही आणि व्होल्टेजमध्ये राखलेले अंतर हाच त्यावरचा साधा उपाय आहे. काही ठिकाणी साधा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकही चालतो. बसवताना एवढेच पाहावे की टँटलमवर धन टोकाची खूण असते आणि ॲल्युमिनियमवरची पट्टी ऋण टोकाची असते.

पर्यायी भाग सुचवला गेला तर घरी येऊन डेटाशीट (उत्पादकाने दिलेले भागाचे माहितीपत्रक) पाहिल्याशिवाय बसवू नये. २एन३९०४च्या जागी आपल्याकडे सरसकट बीसी५४७ दिला जातो. विद्युत-गुणांनी तो बऱ्याच जागी चालण्यासारखा आहे, पण त्याच्या पायांचा क्रम नेमका उलटा आहे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन३९०४चा क्रम एमिटर-बेस-कलेक्टर आणि बीसी५४७चा कलेक्टर-बेस-एमिटर असा आहे. ४६५मध्ये पुष्कळ ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले आहेत, त्यामुळे उलटा बसवणे फार सोपे होऊन जाते. याच सॉकेटचा एक फायदाही आहे: खरेदीआधी सगळे ट्रान्झिस्टर एकेक करून काढून, पाय पुसून पुन्हा बसवले की गंजलेल्या संपर्कामुळे आलेले दोष आपोआप जातात आणि यादी लहान होते.

जुना साठा म्हणून मिळणाऱ्या न वापरलेल्या भागांबद्दल माझे स्पष्ट मत झाले आहे. ट्रान्झिस्टर, आयसी, फिल्म कपॅसिटर, रोध हे जुन्या साठ्यातले असले तरी खुशाल घ्यावेत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र जुन्या साठ्यातला कधीही घेऊ नये. तो खणात पडूनही सुकतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेले “ओरिजिनल” कपॅसिटर मोजल्यावर लिहिल्याच्या निम्म्या क्षमतेचे निघाले, तेव्हापासून ईएसआर मीटर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारे छोटे यंत्र) सोबत नेऊन दुकानातच तपासून घेतो. पासोड्या विठोबाजवळचे दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत, उलट विचारपूस करतात.

वीजपुरवठ्याच्या मोठ्या फिल्टर-कपॅसिटरचा प्रश्न वेगळा होता. मूळ डबे बोर्डात अनेक पायांनी पक्के बसवलेले असतात आणि त्या आकाराचे आज बनत नाहीत. आजचे स्नॅप-इन प्रकारचे कपॅसिटर दोन पायांचे, पायांत दहा मिलिमीटर अंतर असलेले आणि आकाराने बरेच लहान असतात. मी तांब्याच्या लॅमिनेटचे छोटे गोल तुकडे कापून, त्यांवर नवे कपॅसिटर बसवून, ते तुकडे जुन्या पायांच्या छिद्रांत जोडले. असे करताना बाहेरच्या कडेचे सगळे जुने पाय आठवणीने एकमेकांना जोडावेत, कारण कित्येकदा बोर्डावरच्या जमिनीच्या दोन वेगळ्या पट्ट्या त्या डब्याच्या कवचानेच जोडलेल्या असतात. १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आणि योग्य व्होल्टेजचे कपॅसिटर पुण्यात सगळे एका जागी मिळाले नाहीत, म्हणून ऑगस्टअखेर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला जावे, तिथून चालत अंतर आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. कपॅसिटरना १,१५० रुपये लागले. पुण्यातली खरेदी सगळी मिळून ९०० रुपयांच्या आसपास गेली होती. मंगळवार पेठेकडच्या जुन्या बाजारातही एका रविवारी डोकावलो. तिथे ठरवून काही मिळेल ही अपेक्षा ठेवू नये, पण जुन्या काळचे फ्यूज-होल्डर आणि स्क्रू मात्र मिळाले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पुरवठ्याच्या सगळ्या रेषा जाग्यावर आल्या. या यंत्रात +५५ व्होल्टची रेषा आधी नीट करावी लागते, कारण बाकीच्या रेषा तिच्याशी तुलना करून आपले व्होल्टेज ठरवतात. मित्राच्या डिजिटल स्कोपवर पुरवठ्यात उरलेली शंभर हर्ट्झची लहर मॅन्युअलच्या मर्यादेत असल्याची खात्री केली. यंत्र एक्स-वाय स्थितीत, म्हणजे किरण आपोआप आडवा सरकत नाही अशा स्थितीत, ठेवून प्रकाश अगदी कमी केला तेव्हा पडद्याच्या मध्ये हिरवा ठिपका दिसला. ट्यूब चांगली आहे आणि तिचे उच्च व्होल्टेज शाबूत आहे हे त्या ठिपक्याने सांगितले, आणि त्या रात्री मला झालेला आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही. परंतु साध्या स्वीपवर, म्हणजे किरण डावीकडून उजवीकडे पुन्हा पुन्हा फिरवण्याच्या नेहमीच्या स्थितीत, आणल्याबरोबर पडदा काळा होई. स्वीप सुरूच होत नसेल तर किरण उजळवणारा संकेतही निघत नाही, म्हणून रेषाही दिसत नाही. ट्रिगर (स्वीप सुरू करणारा संकेत) पोचत होता, पुरवठा पोचत होता, आसपासचे ट्रान्झिस्टर ठीक होते, आणि सगळ्या मोजमापांचा रोख एकाच भागाकडे जात होता: १५५-००४९, स्वीपचे नियंत्रण करणारा आयसी. माझ्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यातला.

इथे मी खरोखर घाबरलो होतो. टेक्ट्रॉनिक्सचा आयसी बनवणारा विभाग १९९४ साली मॅक्सिम कंपनीने घेतला आणि हे जुने आयसी आता कोणीच बनवत नाही. दिलासा देणाऱ्या गोष्टी दोन होत्या. हाच आयसी ४७५सह टेक्ट्रॉनिक्सच्या इतर यंत्रांतही वापरला गेला असल्याने साठा थोडा मोठा होता. आणि माझ्या यंत्रात तो सॉकेटमध्ये होता. क्रमांकाच्या शेवटचे दोन अंक आवृत्ती दाखवतात, आणि साधारणपणे नंतरची आवृत्ती आधीच्या जागी चालते, उलट मात्र गृहीत धरू नये. अशा भागांचा व्यवहार करणारे विक्रेते अमेरिकेत, कॅनडात आणि ग्रीसमध्ये आहेत. मी तिघांना एकच पत्र पाठवले, त्यात चार प्रश्न होते: भाग नवा आहे की यंत्रातून काढलेला, चालत्या यंत्रात तपासला आहे का, पायांचे स्पष्ट छायाचित्र मिळेल का, आणि चालला नाही तर परत घ्याल का. ज्याने चारही प्रश्नांची सरळ उत्तरे दिली त्याच्याकडून घेतला, जरी त्याची किंमत जास्त होती. न वापरलेला, जुन्या साठ्यातला आयसी आणि नोंदणीकृत टपाल मिळून ५६ डॉलर, म्हणजे त्या वेळी साधारण ४,६०० रुपये झाले.

पार्सल सप्टेंबरच्या शेवटी निघाले. विक्रेत्याला मी आधीच विनंती केली होती की बिलावर वस्तूचे वर्णन नुसते “इलेक्ट्रॉनिक पार्ट” असे न लिहिता “मोजमाप उपकरणासाठी इंटिग्रेटेड सर्किट, एक नग, न वापरलेले” असे लिहावे आणि खरी किंमत टाकावी. किंमत कमी दाखवण्याची सूचना काही विक्रेते स्वतःहून करतात. ती नाकारावी, कारण पैसे भरल्याचा पुरावा मागितला जातो आणि दोन्ही आकडे जुळावे लागतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सीमाशुल्काचे पत्र आले. त्यात बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि वापराचा उद्देश मागितला होता. मी बिलाची छापील प्रत, बँकेच्या विवरणपत्रातले संबंधित पान, स्वसाक्षांकित आधारची प्रत आणि अर्ध्या पानाचे पत्र पाठवले. पत्रात यंत्राचे नाव, आयसीचे काम आणि वस्तू वैयक्तिक वापरासाठी आहे एवढेच लिहिले, सोबत यादीतल्या त्या पानाची प्रत जोडली. प्रत्येक कागदावर पार्सलचा क्रमांक लिहिला होता. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या पार्सलचा शुल्कदर चढा होता आणि तो टपालखर्च धरून आकारला गेला; सुमारे ३,६०० रुपये भरावे लागले. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याआधी चालू दर पाहून तेवढी रक्कम मनात धरूनच निर्णय घ्यावा. १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, पोस्टमनदादांनी पार्सल हातात दिले.

आयसी बसवण्याआधी अंगावरची स्थिर वीज उतरवली, सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, खाचेची दिशा पुन्हा पाहिली. चालू केल्यावर रेषा आली आणि पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्थिर राहिली.

राहिला होता तो दुसऱ्या चॅनेलचा व्होल्ट्स-पर-डिव्हिजन स्विच, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकोनाला किती व्होल्ट हे ठरवणारा. एका टप्प्यावर संकेत येत नव्हता. या कॅम-स्विचमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक संपर्कपट्ट्या बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्यांवर टेकतात. त्यांवर फवाऱ्याचे क्लीनर मारू नये; अल्कोहोलने भिजवलेली कागदाची पट्टी संपर्काखालून हलकेच ओढली की पुरते. माझ्या यंत्रात मात्र एक पट्टी तुटलेलीच होती आणि ती मिळण्याचा मार्ग म्हणजे भागांसाठी घेतलेले दुसरे ४६५.

गणपतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच, एका जुन्या पॉलिटेक्निकमध्ये असे बंद पडलेले सीआरओ (ऑसिलोस्कोपचेच दुसरे नाव) असल्याचे कळले होते आणि मी प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला होता. (गणेशोत्सवात बुधवार पेठेत खरेदीला जाण्याचा विचार करू नये, हेही इथेच सांगतो.) भांडारपाल फार सौजन्याचे गृहस्थ होते. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर (संस्थेच्या कायम वस्तूंची नोंदवही) उघडून यंत्राची नोंद दाखवली आणि प्रक्रिया समजावून सांगितली. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले आणि त्यांत प्रयोगशाळेतली उपकरणेही आली आहेत. “एकदा ई-कचरा म्हणून नोंद झाली की ते फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाल्यालाच जाणार, साहेब. तुम्हाला हवं असेल तर त्याआधी वापरलेलं उपकरण म्हणून विक्रीचा ठराव व्हायला हवा,” असे त्यांनी सांगितले. ज्यांना महाविद्यालयांतून असे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी म्हणूनच निर्लेखनाची (जुन्या वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची) बैठक होण्याआधी लेखी अर्ज द्यावा, अर्जात डेडस्टॉक क्रमांक घालावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

त्यानंतर परीक्षा, सत्रान्त, समितीतल्या एका सदस्याची बदली अशी कारणे येत राहिली. मी महिन्यातून एकदा फोन करत असे, त्याहून जास्त नाही. लोकांवर आधीच कामाचा बोजा असतो. जानेवारी २०२४मध्ये समितीची बैठक झाली, तीन दरपत्रके मागवली गेली, माझे ३,५०० रुपयांचे दरपत्रक मान्य झाले. डिमांड ड्राफ्ट, पावती, गेटपास आणि “आहे त्या स्थितीत” घेतल्याचे माझे सही केलेले पत्र, हे सर्व होऊन १८ मार्चला यंत्र घरी आले. त्याची ट्यूब निकामी होती, पण स्विच उत्तम होते. आवश्यक ती संपर्कपट्टी सोल्डर सोडवून काढली आणि माझ्या बोर्डावर बसवली. पट्टीचा बाक जराही बदलू नये म्हणून हे काम भिंग लावून, दुपारच्या उजेडात केले.

एप्रिलमध्ये मॅन्युअलमधली तपासणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत केली. वेळेच्या मापनासाठी दहा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल-ऑसिलेटर, उभ्या मापनासाठी चांगल्या मल्टिमीटरने मोजलेले व्होल्टेज वापरले. स्वीपचे सगळे टप्पे कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसले. अगदी वेगवान टप्प्यांचे समायोजन मी हाताळले नाही, कारण त्यासाठी लागणारा वेगवान पल्स-जनरेटर माझ्याकडे नाही आणि योग्य साधनाशिवाय ते स्क्रू फिरवणे मला मान्य नाही.

छपाई, भाग, आयात, शुल्क आणि दुसरे यंत्र मिळून १४,००० रुपयांच्या थोडे वर गेले. मूळ यंत्र धरले तर प्रवासखर्च वगळून २१,००० रुपयांच्या आत. यात आणखी थोडी भर घातली तर शंभर मेगाहर्ट्झचा नवा डिजिटल ऑसिलोस्कोप येतो, हे हिशेब मांडताना नजरेआड करू नये. ज्यांना फक्त मोजायचे आहे त्यांनी तो घ्यावा. ज्यांच्या घरी, कॉलेजात किंवा कारखान्यात असे यंत्र आधीच पडून आहे, त्यांनी ते भंगारात देण्याआधी मॅन्युअल छापून भागांच्या यादीचे तीन रकाने करून पाहावेत. त्याला पाचशे रुपयांच्या आतच खर्च येतो.

कॉलेजकडून घेतलेल्या यंत्राचे भाग मी आता सुटे करून, प्रत्येक पुडीवर कंपनीचा आणि बाजारातला असे दोन्ही क्रमांक लिहून ठेवले आहेत. त्यातला १५५-००४९ माझ्या यंत्रात घालून तपासला आहे आणि तो चालतो. ४६५ किंवा ४७५चा स्वीप बंद पडला असेल आणि परदेशातून आयसी मागवण्याआधी दोष तिथेच आहे याची खात्री करून घ्यायची असेल, तर पुण्यातल्या कोणालाही मी तो तपासणीपुरता उसना देईन.